रोगाची घाटवाट

मावळात मी चाळीस वर्षे दवाखाना चालवला. या चाळीस वर्षांत रोग्यांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "डॉक्टर, हे कशानं झालं?" औषध काय, पथ्य काय, पैसे किती, हे प्रश्न त्यानंतरचे. आणि खरे सांगायचे तर या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पुष्कळदा घाईघाईने दिले. "इन्फेक्शन आहे" असे म्हटले की काम भागते. माणूस मान डोलावतो, गोळ्या घेतो आणि जातो. पण इन्फेक्शन म्हणजे काय, जंतू म्हणजे काय, तो अंगात शिरला म्हणजे रोग झालाच का, हे त्याला कळलेले नसते. आज त्याविषयी थोडे निवांत बोलू.

मला हे सगळे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले होते. परीक्षेत गुणही बरे मिळाले होते. पण नीट कळले ते एका विहिरीवर, आणि जरा उशिराच.

माझ्या व्यवसायातला तो पहिला पावसाळा. मृगाचा पहिला जोराचा पाऊस होऊन आठवडा झाला असेल. डोंगरउतारावरच्या एका वाडीतून एक माणूस आपल्या आईला पाठकुळी घेऊन आला. तिला रात्रीपासून जुलाब-उलट्या होत होत्या. मी सलाईन लावले, इंजेक्शन दिले. संध्याकाळी त्याच वाडीतले आणखी दोघे आले. दुसऱ्या दिवशी चौघे. दवाखान्यात खाटा दोनच, बाकीचे सतरंजीवर. सलाईनच्या बाटल्या खिळ्यांना टांगलेल्या. मी दोन रात्री झोपलो नाही, आणि मनातून थोडा अभिमानही वाटत होता की एकही रोगी हातचा गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. वयाने आणि अनुभवाने माझ्याहून पुष्कळ मोठ्या. त्यांनी दारातूनच विचारले, "डॉक्टर, ही सगळी माणसं पाणी कुठलं पितात, ते विचारलंत का?"

मी विचारले नव्हते.

आम्ही दोघे चिखल तुडवत वाडीवर गेलो. विहिरीला कठडा नव्हता. वाडीची परसाकडची जागा विहिरीच्या वरच्या अंगाला होती. उन्हाळाभर साचलेली घाण पहिल्या पावसाने धुऊन विहिरीत उतरली होती. नर्सबाईंनी पिशवीतून ब्लीचिंग पावडर काढली, बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरची निवळी विहिरीत सोडली. घरोघर फिरून पाणी उकळायला सांगितले. त्यानंतर तीन-चार दिवसांत नवे रोगी येणे थांबले. पण आम्ही पोचण्याच्या आदल्या रात्रीच त्या वाडीतली चार वर्षांची एक मुलगी गेली होती. ती माझ्या दवाखान्यात आलीच नव्हती. रात्री ओढ्याला पाणी होते, म्हणून घरच्यांनी उजाडण्याची वाट पाहिली. तो एक प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला असता, तर ती कदाचित वाचली असती. हे मी कधी विसरलो नाही.

जंतूंची नावे मला पाठ होती, औषध ठाऊक होते. जंतू कोणत्या वाटेने येतो आहे, एवढेच मी पाहिले नव्हते.

करपा शेतकऱ्याला शिकवतो

रोग म्हणजे काय, हे समजावून सांगायला मावळात एक सोय आहे. इथे भात पिकतो. ज्या इंद्रायणी तांदळाचा वास आज सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तो वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार केला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. भात आला की करपाही आला. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. पुढे लोंबीची मान काळी पडते आणि दाणा पोचट राहतो.

करपा ही एका बुरशीची करणी. तिचे बीजाणू, म्हणजे धुळीहून बारीक बी, वाऱ्यावर असते, मागच्या वर्षीच्या पेंढ्यात असते, बांधावरच्या गवतातही असते. म्हणजे जंतू दरवर्षी हजर. तरी करपा दरवर्षी सारखा येत नाही. आभाळ दिवसेंदिवस भरलेले राहिले, झिमझिम पाऊस आणि धुके राहिले, पान तासन्‌तास ओले राहिले की तो उठतो. त्यात कुणी युरिया जास्त टाकला असेल तर रोप हिरवेगार, लुसलुशीत आणि कोवळे होते. करपा तिथे आधी बसतो. शेजारच्या खाचरात वेगळा वाण असेल, खत बेताने दिलेले असेल, तर तिथे त्याच वाऱ्यात, त्याच पावसात रोग कमी दिसतो.

म्हणजे रोगाला तीन गोष्टी लागतात: जंतू, त्याला आसरा देणारे शरीर आणि दोघांची गाठ घालून देणारी परिस्थिती. वनस्पतींच्या रोगांचे शास्त्रज्ञ याला रोगाचा त्रिकोण म्हणतात. त्रिकोणाची एक बाजू काढून घेतली की तो मोडतो. शेतकरी बीजप्रक्रिया करतो तेव्हा तो जंतूवर घाव घालतो, वाण बदलतो तेव्हा शरीर बदलतो आणि युरिया आवरतो, पेंढा उचलतो तेव्हा परिस्थिती बदलतो. माणसाच्या रोगांचेही असेच आहे. फरक एवढाच की आपण तिन्ही बाजू सोडून फक्त गोळीकडे पाहतो.

जंतूंची पाच घराणी

आता पहिली बाजू. 'जंतू' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात निदान पाच घराणी आहेत आणि त्यांचे एकमेकांशी फारसे नाते नाही.

पहिले जिवाणू. हे एकाच पेशीचे, स्वतंत्र जगणारे जीव. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. इंद्रायणी तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीत असे तीनेक हजार एकापुढे एक मावतील. क्षयरोग, विषमज्वर, धनुर्वात, लेप्टो हे सगळे जिवाणूंचे रोग. पण दुधाचे दही करतात तेही जिवाणूच. आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू सुखाने नांदतात आणि त्यांच्यावाचून आपले चालत नाही. तेव्हा जिवाणू म्हटला की शत्रू, असे समजू नका.

दुसरे विषाणू. हे जिवाणूंहून कितीतरी लहान. विषाणूला स्वतःचे घर नाही की चूल नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच सामानातून स्वतःच्या नकला काढून घेतो. साधी सर्दी, गोवर, कावीळ, डेंगी, रेबीज, कोरोना ही त्याची कामे. पुण्याने विषाणूंची झळ पुष्कळ सोसली आहे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच झाला. आणि विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही १९५२ पासून पुण्यातच आहे.

तिसरी बुरशी. भातावर करपा आणणारी आपण पाहिलीच. माणसाला गजकर्ण होते ते बुरशीमुळे. लावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यातही तिचा हात असतो.

चौथे एकपेशीय प्राणी. हे जिवाणूंहून मोठे आणि रचनेने गुंतागुंतीचे. हिवताप, म्हणजे मलेरिया, यांच्यामुळे होतो. आव पडते, ती अमिबामुळेही पडते.

पाचवे जंत, म्हणजे कृमी. यांतले पुष्कळसे डोळ्यांना दिसतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायातून शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पीत राहते. माणूस फिकट पडतो, दम लागतो, आणि घरचे म्हणतात, अंगात जोर नाही.

ही घराणी वेगळी असल्यामुळे औषधेही वेगळी. प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो ती, जिवाणूंवर चालतात. विषाणूंवर चालत नाहीत. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक घेणे म्हणजे उंदरांसाठी कुलूप लावण्यासारखे आहे. नुकसान मात्र होते. अंगातले गरीब, उपयोगी जिवाणू मरतात आणि जे चिवट असतात ते उरतात, वाढतात. पुढे खरोखर गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. माझ्याकडे येणारी माणसे "डॉक्टर, जरा जोराची गोळी द्या" म्हणत, आणि मीही सुरुवातीच्या वर्षांत अनेकदा दिली. नाही दिली तर रोगी पुढच्या दवाखान्यात जाईल, ही भीती होती. तिची किंमत आता सगळेच मोजत आहेत.

लागण वेगळी, रोग वेगळा

दुसरी बाजू शरीराची. जंतू अंगात येणे ही लागण. त्याने अंगात बिघाड करणे हा रोग. या दोन्हींत अंतर असते. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांच्या शरीरात क्षयाचे जिवाणू कधी ना कधी शिरलेले आहेत, पण त्यांतल्या बहुसंख्यांना क्षयरोग जन्मात होत नाही. शरीर त्यांना कोंडून ठेवते. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही, दारू यांनी पहारा ढिला पडला की कोंडलेला जिवाणू बाहेर पडतो. क्षयाच्या रोग्याला गोळ्यांइतकेच जेवण महत्त्वाचे, ते यासाठी. तसेच, लागण झाल्यावर लक्षण दिसेपर्यंत काही काळ जातो. पटकीला काही तासांपासून पाचेक दिवस, हिवतापाला साधारण एक ते दोन आठवडे, रेबीजला बहुधा काही महिने. कुत्रे चावल्यावर "आठ दिवस झाले, काही झाले नाही" म्हणून लस टाळणारा माणूस नेमका इथेच फसतो.

रोग नेमका घडतो कसा, हे पटकीच्या बाबतीत कळायला फार वर्षे लागली. जिवाणू सापडला तरी माणूस इतक्या झटपट मरतो कशाने, ते कळत नव्हते. कोलकात्याचे डॉक्टर शंभूनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले की हा जिवाणू आतड्यात एक विष सोडतो. त्या विषाने आतड्याची भिंत फाटत नाही, सडत नाही. ती नुसती अंगातले पाणी आणि क्षार बाहेर ओतत राहते. जोराच्या पटकीत दिवसाला दहा-पंधरा लिटर पाणी जाऊ शकते. माणूस मरतो तो कोरडा पडून.

हे कळल्यावर उपाय किती साधा झाला पाहा. गेलेले पाणी आणि क्षार परत द्या. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ते पाणी आपल्या प्रत्येकाच्या घरी होऊ शकते. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको. जुलाब सुरू झाल्याबरोबर थोडे थोडे पाजत राहायचे आणि पाजत पाजतच दवाखान्यात न्यायचे. त्या मुलीच्या घरी त्या रात्री मीठ होते, गूळ-साखरही असेल. पाजा म्हणून सांगणारे कुणी नव्हते. उलट, जुलाबात पाणी बंद करायचे असते, अशी त्या काळी घरोघर समजूत होती.

कधी कधी तर जंतू एकीकडे आणि रोग दुसरीकडे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला 'गीयाँ-बारे'चे रोगी अचानक वाढले. हातापायांतले बळ जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लागते. यांतल्या काही रोग्यांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. तो दूषित पाण्यातून किंवा कच्च्या-अर्धकच्च्या कोंबडीच्या मांसातून पोटात जातो. पोट दोन-चार दिवसांत बरे होते. पण त्याच्याशी लढताना काही थोड्या लोकांची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. जंतू पोटात, आणि पांगळेपण पायात. तो रोग एकापासून दुसऱ्याला होत नाही. पाणी मात्र सगळ्यांचे एकच असू शकते.

बोरघाटातले बळी

म्हणजे आपण आलो तिसऱ्या बाजूकडे, वाटेकडे. यासाठी तुम्हाला खंडाळ्याच्या कड्यावर न्यायला हवे.

मुंबईहून पुण्याला येणारी आगगाडी बोरघाट चढते, तेव्हा आपण खिडकीतून धबधबे पाहतो. सुमारे २५ किलोमीटरच्या या चढणीत गाडी १,८०० फुटांहून अधिक वर येते. मूळच्या मार्गावर २५ बोगदे खोदले होते. काम १८५६ साली सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. तोवर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी धावू लागली होती, पण मधला घाट उतारू पालखीतून, तट्टावरून ओलांडत. १८६१ च्या सुमारास या घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. सुरुंगाने आणि कडे कोसळूनही माणसे मेली, पण त्याहून कितीतरी जास्त मेली ती रोगाने. पटकी, हगवण, हिवताप. १८५९-६० मध्ये तर पटकीने हाहाकार केला. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल सप्टेंबर १८५९ मध्ये विलायतेहून आला आणि पंधरा दिवसांच्या आत आजाराने वारला. त्याच्या मागे त्याची बायको ॲलिस हिने इंजिनिअर नेमून ठेका पुरा केला. मजुरांच्या बायकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

त्या काळच्या डॉक्टरांची समजूत अशी होती की पटकी दुर्गंधी हवेतून होते. दऱ्यांतून उठणारी वाफ, कुजका पाला, दमट वारा यांना दोष दिला जाई. आपल्या लोकांची समजूत अशी की मरीआईचा कोप झाला. तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावी जातो. मला या दोन्ही समजुतींना हसावेसे वाटत नाही. दोघांनाही एक गोष्ट बरोबर उमगली होती. रोग कुठून तरी येतो आणि त्याला वाट असते. फक्त वाट कोणती, ते चुकले. एका डोंगरकपारीला हजारो माणसे झोपड्या घालून राहिली, तिथेच शौचाला बसली आणि खालच्या ओढ्याचे पाणी प्यायली. पटकी हवेतून नव्हे, त्या ओढ्यातून आली.

आणि याचा शोध तोवर लागलेला होता, हे वाचले की मन खट्टू होते. १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीने मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली. ती एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झाली. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. जंतू कोणता, हे स्नोला ठाऊक नव्हते. इटलीत पाचिनी यांनी त्याच वर्षी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात तो नक्की केला, तेव्हा जगाला पटले. स्नोला नाव कळले नव्हते, पण वाट कळली होती, आणि तेवढ्यावर माणसे वाचवता येत होती. ती बातमी बोरघाटाच्या ओढ्यापर्यंत पोचली नाही.

पुढे त्याच घाटाने गाडीतून प्लेग वर आला. १८९६ मध्ये तो मुंबईत होता; १८९७ उजाडताना पुण्यात. त्याचा जिवाणू १८९४ सालीच सापडलेला होता. म्हणजे या खेपेला नाव ठाऊक होते, वाट ठाऊक नव्हती. उतारूंना उतरवून तपासले, घरांत शिरून सामान जाळले, भिंतींना चुना फासला, माणसे छावण्यांत नेली. त्या जुलमाचे पुढे काय झाले, ते आपण इतिहासात शिकलो आहोत. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आणि रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून माणसाकडे येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत दाखवले. घरे जाळली जात होती, तेव्हा उंदीर शेजारच्या घरात पळत होते.

उलट बाजूचे उदाहरण नारूचे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या पायातला नारू पाण्यात अळ्या सोडतो, त्या पाण्यातल्या बारीक कीटकांत शिरतात आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होतो. यावर लस नाही आणि नारू मारणारे औषधही नाही. तरी तो भारतातून गेला. शेवटचा रोगी १९९६ साली सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त ठरवला. पाणी फडक्याने गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, हातपंप बसवा, एवढ्यावर. वाट अडवली आणि रोग उपाशी मेला.

वाटा चारच

माणसापर्यंत येण्याच्या जंतूंच्या मुख्य वाटा चारच आहेत. तोंडावाटे पाण्या-अन्नातून; श्वासातून; कीटकाच्या दंशातून; आणि कातडीवाटे, म्हणजे जखमेतून किंवा अंगलटीतून. कुठलाही साथीचा रोग ऐकलात तर त्याच्या अवघड नावाने घाबरून जाऊ नका. यांतली त्याची वाट कोणती, एवढे विचारा. निम्मे उत्तर तिथेच मिळते.

मावळापुरते बोलायचे तर पावसाळ्यात ही चारही दारे उघडी असतात. जूनच्या पहिल्या पावसात विहिरी आणि ओढे गढूळतात. तेव्हा पाणी उकळा, विहिरीत टीसीएल पावडर पडली की नाही हे ग्रामपंचायतीला विचारा. डेंगीचा डास घाण पाण्यात नव्हे, तर घराभोवतीच्या पिंपात, टायरात, फुलदाणीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा ते कोरडे करा. लावणीला उतरताना पायाला जखम असेल तर ती झाका. खाचराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि लेप्टोचा जिवाणू जखमेतून शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याने किती जणांचा बळी घेतला, ते अनेकांना आठवत असेल. लावणीनंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर "चिखलात काम केलं होतं" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लवकर कळले तर साध्या गोळ्यांनी तो बरा होतो. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्याला माणसांचा पूर येतो. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, धबधब्यांखाली पाय ठेवायला जागा नसते. येऊ दे, पाऊस सगळ्यांचा आहे. पण झुडपाआड उरकलेला कार्यभाग आणि फेकलेले अन्न तिथेच राहत नाही. ज्याला आपण सहलीचा ओढा म्हणतो, तो खाली कुणाच्या तरी पाणवठ्यावर जातो.

त्या पहिल्या पावसाळ्यानंतर मी एक वही केली. जुलाबाचा, तापाचा, कावीळचा रोगी आला की नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: गाव, पाणी कुठले, घरात आणखी कुणाला. एका आठवड्यात एकाच विहिरीचे नाव तिसऱ्यांदा आले की मी दवाखाना थोडा वेळ बंद करत असे आणि नर्सबाईंना निरोप पाठवत असे. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, पुढे आशाताई आल्या. दवाखाना आता माझी मुलगी पाहते. नोंदी ती संगणकात ठेवते, पण त्यात पाण्याचा रकाना तिने ठेवला आहे. आणि माणूस दारात आला, की नाडी पाहता पाहता ती पहिल्यांदा तेच विचारते: पाणी कुठलं पिता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)